बालवाडीतील खेळ टिकावा कसा?



बालवाडीत घसरगुंडी बसविण्याचा समारंभ पाहण्यासारखा असतो. फीत कापली जाते, दात्याचे नाव रंगविले जाते, मुले रांग लावतात. दोन-तीन पावसाळ्यांनंतर पत्रा गंजतो, झोक्याची साखळी निखळते आणि अपघाताच्या भीतीने फाटकाला कुलूप लागते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर भांडवली खर्चाला दाता मिळतो, आवर्ती खर्चाला मिळत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शारीरिक शिक्षण बहुधा येथेच अडते.

याच महाराष्ट्रात एक वेगळे उदाहरण घडून गेले आहे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यांवरील आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. माँटेसरी पद्धतीचे महागडे साहित्य तेथे परवडणारे नव्हते. खडे, शिंपले, पाने, बिया यांवर काम भागले; हरवले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळा करता येईल असे ते साहित्य होते. ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, हा वसा सांभाळला. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांनाही ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. (आज कित्येक अंगणवाड्यांना अंगणच नाही, हा भाग निराळा.)

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी किमान १८० मिनिटांची हालचाल सुचविली. त्यांपैकी किमान ६० मिनिटे चांगली धाप लागेल अशी. जुळे सोलापुरातील सदनिकेत वाढणाऱ्या बालकाला ती कोठे मिळावी? त्यात ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो; तापलेल्या पत्र्यावर मूल बसणार कसे? म्हणून खेळाचा तास सकाळी पहिलाच हवा. कडुनिंबाची सावली, वाळूचा हौद, जमिनीवर चुन्याने आखलेली नागमोडी रेघ आणि चिंध्यांचे चेंडू एवढ्यावर तोल, उडी, फेक, झेल सारे काही होते. चिंध्यांना तर सोलापुरात तोटा नाही!

परंतु वाळू चाळावी लागते, रात्री झाकावी लागते, रेघ पुन्हा आखावी लागते. हे सारे बालवाडीची ताई करते. अपुऱ्या मानधनामुळे ताई सोडून गेली की तिच्याबरोबर खेळही जातो. नवी ताई मुलांना पाटी देऊन बसविते. पालकांनाही ते रुचते, कारण वहीतील अक्षर घरी दाखविता येते, उडी दाखविता येत नाही.

तेव्हा संस्थांनी ताईचे मानधन, तिचे प्रशिक्षण, मदतनीस, वाळू व दुरुस्ती यांसाठी अंदाजपत्रकात ‘खेळ’ असे स्वतंत्र शीर्षक जूनपूर्वी उघडावे आणि पुढील वर्षी ते वगळू नये. दात्याचे नाव त्या ओळीसमोरही लिहिता येईल.