शंभर दिवसांची मजुरी : ख्रिस्ती कुटुंबातील क्षमा

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराचा दृष्टान्त ख्रिस्ती घरांत लहानपणापासून कानावर पडलेला असतो. तरी त्यातील दोन आकड्यांचा हिशेब क्वचितच मांडला जातो. राजाने ज्याला दहा हजार तालांतांचे कर्ज माफ केले (तालांत हे सोन्याचांदीचे माप असून एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार होत), त्याच चाकराने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. दिनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी असल्यामुळे शंभर दिनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळची कमाई झाली, आणि प्रवचनांतून ही रक्कम क्षुल्लक ठरवली जाते ते योग्य नाही. पगारावर घरे चालणाऱ्या माजरीसारख्या कोळसाखाणीच्या गावात तीन महिन्यांचा पगार बुडणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. घरच्या माणसाने दिलेले दुःख मोठेच असते, हे मान्य करून येशू ते सोडून द्यायला सांगतो.

येथे दोन संज्ञा वेगळ्या ठेवाव्या लागतात. क्षमा म्हणजे अपराध्याकडून भरपाई वसूल करण्याचा हक्क मनापासून सोडणे, आणि समेट म्हणजे तुटलेला व्यवहार दोघांनी मिळून पुन्हा सुरू करणे. पहिली गोष्ट एकट्याने करता येते, दुसरीला दोघांचे सत्य बोलणे लागते. नवरा हात उगारत असेल तर मंडळीतील वडीलधाऱ्यांनी पत्नीला क्षमेचा उपदेश करून त्याच छपराखाली परत पाठवणे हा क्षमेचा विपर्यास आहे. तेथे आधी तिचे रक्षण, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा आधार, आणि नवऱ्याचा पश्चात्ताप वागण्यातून दिसल्यावरच समेटाची भाषा, हाच क्रम असला पाहिजे.

मराठी ख्रिस्ती समाजापुढे या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसाराचे आहे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने टिळकांना बायबल दिले आणि फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीच्या दृष्टीने हा केवळ मतभेद नव्हता. सोवळ्याओवळ्यावर उभे असलेले तिचे सगळे जग एका दिवसात कोसळले होते, आणि पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही टिळकांनी तिच्यावर आपला धर्म लादला नाही. तिचे खाणेपिणे तिच्या नेमाप्रमाणे चालू दिले, आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या निर्णयाने. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात त्यांनी पतीचा शीघ्रकोप आणि घरची ओढाताण झाकलेली नाही, आणि त्याच पानांत पतीचे औदार्यही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले आहे. दोष सांगूनही माणसाला लहान न करणारी ही लेखणी मराठीत क्षमेचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज ठरते.

औदार्याची ही नोंद म्हणजेच चांगुलपणाची ग्वाही, अर्थात दुसऱ्याच्या वागण्यातील चांगले त्याच्यासमोर नेमक्या शब्दांत बोलून दाखवणे. करिंथच्या मंडळीला पौल कठोर शब्दांत सुनावतो, पण पत्राचा आरंभ तिला लाभलेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानून करतो; गलतीकरांच्या पत्रात असे आभार नाहीत, आणि ती उणीव वाचणाऱ्याला टोचते. रात्रपाळी करून आलेला खाणकामगार दिवसा झोपू शकतो, कारण पत्नीने मुलांना दुपारभर ओरडू दिलेले नसते, कुकरची शिट्टीसुद्धा तो उठेपर्यंत लांबणीवर टाकलेली असते. भाजीत मीठ कमी पडले तर ते लगेच बोलले जाते, ही सांभाळलेली शांतता मात्र वर्षानुवर्षे कोणी उच्चारत नाही. राग मनात असताना सूर्य मावळू नये, असे इफिसकरांच्या पत्रात सांगितले आहे. परंतु पाळीच्या घरात सूर्य मावळताना एक जण कामावर निघालेला असतो, म्हणून दाराशी डबा हातात देतानाच दोन शब्द बोलून घेणे ही तेथे त्या आज्ञेची व्यवहार्य रीत ठरते.

क्षमा आणि ग्वाही यांना घरात ठरलेला एक प्रसंगही मिळू शकतो. 1962 मध्ये चांदा (आजचे चंद्रपूर, माजरीचाच परिसर) हे सिरो-मलबार चर्चचे केरळबाहेरील पहिले मिशनक्षेत्र झाले, आणि केरळच्या संत थॉमस ख्रिस्ती परंपरेतील पेसहाची प्रथाही या चर्चबरोबर येते. या प्रथेत पवित्र गुरुवारी रात्री घरचा कर्ता बेखमीर भाकर मोडून वयाच्या क्रमाने सर्वांना देतो; ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तेथे भाकर केली जात नाही, शेजारी आणून देतात. घरी ही प्रथा असो वा नसो, माजरीतील प्रत्येक ख्रिस्ती कर्त्याने त्या रात्री जेवणापूर्वी स्वतःचा एक दोष आणि घरातील प्रत्येकाचा एक गुण मोठ्याने सांगावा, आणि ही सुरुवात मुलांवर न सोपवता स्वतःपासून करावी.