डाकण ठरवली, मग तिचं शेत कोणाला गेलं?

(युवा शिबिरात केलेलं भाषण)



आज मी एका नाटकाबद्दल बोलणार आहे. नाटक अमेरिकेतलं. आर्थर मिलर नावाच्या लेखकाने १९५३ साली लिहिलं. नाव 'द क्रूसिबल', म्हणजे सोनार सोनं वितळवतो ती मूस. मी बारावीपर्यंत शिकलेला माणूस. अशाच एका शिबिरात एका सरांनी मला त्याची गोष्ट सांगितली. ऐकताना वाटलं, हे तर आमच्याच पाड्यावरचं आहे.

अमेरिकेत सालेम नावाचं गाव. तिथे १६९२ साली चेटकाचे खटले खरंच झाले. १९ जणांना फाशी दिली, त्यात जास्त बाया. एका म्हाताऱ्याला दगडांखाली दाबून मारलं. मिलरने त्यात आपल्या मनाचंही काही घातलं आहे.

नाटकात काही पोरी रात्री जंगलात नाचतात. पकडल्यावर मार चुकवायला म्हणतात, आमच्यावर चेटूक झालं. पहिली सापडते टिट्युबा. ती गुलाम बाई, तिच्या बाजूने कोण बोलणार? पोरींची पुढारी ॲबिगेल. ती प्रॉक्टर नावाच्या शेतकऱ्याकडे कामाला होती. त्याने तिच्याशी संबंध ठेवले, बायकोला कळलं, बायकोने तिला काढलं. आता ॲबिगेल त्या बायकोचंच नाव घेते. हा सूड. प्रॉक्टरला पोरीचं खोटं माहीत असतं, पण आपलं पाप उघडं पडेल म्हणून तो गप्प राहतो. बोलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

पटनमच्या बायकोची सात मुलं मेलेली. तिचं दुःख खरं आहे. पण आळ येतो रिबेका या सगळ्यांच्या मदतीला धावणाऱ्या म्हातारीवर. तिच्या घराशी पटनमचं जमिनीचं भांडण! जाइल्स म्हातारा कोर्टात उघड सांगतो, की चेटकी ठरून फाशी जाईल त्याची जमीन जप्त होते, आणि ती विकत घ्यायला पैसा फक्त पटनमकडे आहे. न्यायाधीश चौकशी कोणाची करतो? पटनमची नाही. जाइल्सलाच विचारतो, तुला हे कोणी सांगितलं, नाव दे. तो देत नाही. मग छातीवर दगड ठेवतात. आरोपावर तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. म्हणून जमीन पोरांकडे राहते.

पुढे ॲबिगेलच पळून जाते. तरी न्यायाधीश थांबत नाही. १२ जण आधीच लटकवलेत, आता थांबलं तर ते निर्दोष होते असं होईल. आपली चूक झाकायला तो अजून माणसं मारतो.

आता आपल्याकडे या. मी नऊ वर्षांचा असताना पाड्यात एक पोर तापाने मेलं. बडव्याने एका विधवेचं नाव घेतलं. आम्ही तिला काकी म्हणायचो, तिच्या घरी मी जेवलेलो. पंच बसले, दंड ठोकला, तिला गावाबाहेर काढलं. पुढे काही पंचांना कळलं की चुकलं, पण कोणी परत बसलं नाही. माझा बाप तिथे होता, बोलला नाही. मीही बघत उभा होतो. तिचं शेत आज तिचा दीर पेरतो.

आपण वनखात्याला म्हणतो, पुरावा दाखवा, मनमानी दंड चालणार नाही, जमिनीवरून हटणार नाही. मग आपल्याच बाईला आपण पुराव्याशिवाय कसं हटवतो? एकट्या बाईच्या बाबतीत आपणच गार्डसाहेब होतो का?

म्हणून कोणी 'डाकण' म्हटलं की तिथेच विचारा. नाव आधी कोणी घेतलं? त्याचं तिच्याशी काय भांडण आहे? दंडाचा पैसा कोण खाणार? ती गेली तर शेत कोण पेरणार? आणि आजारी पोराला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

प्रॉक्टर शेवटी जीव वाचवायला खोटी कबुली लिहून देतो, पण दुसऱ्यांची नावं घेत नाही. मग तो कागदही फाडतो आणि फाशी जातो. आपल्याला जीव द्यायचा नाही. फक्त पंचात उभं राहून चार प्रश्न विचारायचे आहेत. मी तेव्हा लहान होतो. आता नाही.

जिंदाबाद!