दिव्यामागचा पंखा



नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या तुम्ही पाहिल्याच असतील. हिवाळ्यात लाल मिरची उघड्यावर पसरलेली असते आणि रात्री राखणीला उजेड लागतो. गेल्या हंगामात ओळखीचा एक पोरगा पथारीसाठी घरी केलेला दिवा मला दाखवायला घेऊन आला. 50 वॉटची एलईडी चिप, ॲल्युमिनियमची हीटसिंक, मागे जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. काम सुबक होतं. पण हीटसिंकला टेस्टर लावला, तर तो लख्ख पेटला.

पंखा हवाच होता. चिपला दिलेल्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग उष्णतेत जातो. ती बाहेर गेली नाही तर चिप जळते. चूक होती ती पंख्याला वीज देण्यात. पोराने 230 व्होल्टमधून कपॅसिटर आणि डायोड लावून 12 व्होल्ट उतरवले होते. पंख्याच्या दोन तारांत मीटर 12च दाखवायचा. पण त्यातली एक तार थेट मेनशी जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की तिच्यात फेज येतो, आणि मग तार व जमीन यांच्यात 230 व्होल्ट! तीच तार हीटसिंकच्या धारेवर घासून सोलली होती. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाचा हात तिथे लागला असता, तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

काही जण चिपला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरमधूनच पंखा चालवतात. तेही नको. अशा चिपचा ड्रायव्हर साधारण 30 ते 36 व्होल्ट देतो. 12 व्होल्टचा पंखा त्यावर टिकत नाही.

आम्ही सेट-टॉप बॉक्सचा पडून असलेला 12 व्होल्टचा अडॅप्टर घेतला. त्यात मेन आणि 12 व्होल्ट आतूनच वेगळे केलेले असतात. पंख्यावर किती अँपिअर लिहिलंय ते बघा; अडॅप्टरचा आकडा त्याहून मोठा हवा. लाल तार अधिकला, काळी उण्याला. पत्र्याच्या भोकात रबरी बुश, सांध्यावर सोल्डर आणि स्लीव्ह. हीटसिंकला स्क्रूने घट्ट अर्थिंग, तीन पिनांचा प्लग, फ्यूज फेजच्या तारेत. आणि बोर्डावरची अर्थिंग खरोखर जमिनीत पोचते का, तेही वायरमनकडून तपासून घेतलं. कित्येक एक्स्टेन्शनमध्ये तिसरं भोक नुसतं नावाला असतं. बोर्डावर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली.

राहिली मिरचीची धूळ. ती पंख्यात बसते, पंखा जड होतो, एके दिवशी थांबतो आणि दिवा मात्र जळतच राहतो. म्हणून चिपजवळ हीटसिंकवर 70 अंशांचा थर्मल कटआउट लावला, ड्रायव्हरकडे जाणाऱ्या फेजच्या तारेत. आठवड्याला प्लग काढून कोरड्या ब्रशने पंखा झाडायचा, हेही ठरलं.

मग पथारीवर दिवा लावून मी पंख्याच्या अडॅप्टरचा प्लग काढला. आम्ही दोघं बघत बसलो. हीटसिंक तापत गेली आणि थोड्या वेळाने दिवा आपोआप विझला. पोराने पंखा पुन्हा चालू केला. हीटसिंक निवली तशी पथारीवर पुन्हा उजेड पडला.