‘येण्या’च्या अनेक परी



महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. ‘अराइव्ह’ म्हणजे येऊन पोहोचणे, हे खेड्यातील मूल लवकरच शिकते. परंतु ‘टर्न अप’ हा बोलीतील प्रयोग समोर येताच ते अडखळते. ‘टर्न’ म्हणजे वळणे व ‘अप’ म्हणजे वर, एवढेच पाठ असल्याने ‘पाहुणा वर वळला’ असा विपरीत अर्थ त्याच्या हाती लागतो. आपणांस इंग्रजी येणारच नाही, हा ग्रह अशाच प्रसंगी मूळ धरतो.

तो दूर करण्याचे साधन मायबोलीतच आहे. सोलापूरच्या स्थानकात एस.टी. फलाटाला ‘लागते’, म्हणजे ती कोठे चिकटत नाही. बोलावूनही न आलेला मनुष्य ‘फिरकला नाही’ असे म्हणताना गोल फिरण्याचा विचार कोणाच्या मनात नसतो. आषाढीस पालख्या पंढरपुरास ‘येऊन पोहोचतात’, तर नको तेव्हा आलेला पाहुणा ‘टपकतो’. हे भेद मूल न शिकविताच जाणते.

त्यांनाच इंग्रजीची जोड द्यावी. वर्दी न देता किंवा उशिरा येणे म्हणजे ‘टर्न अप’. हरवलेली वस्तू अवचित सापडली तरी हाच प्रयोग होतो. ज्याची वाट पाहिली जाते त्याने हजर होणे म्हणजे ‘शो अप’. ‘फिरकला नाही’ यास त्याचे नकारार्थी रूप जुळते. जाता जाता एखाद्याच्या घरी डोकावणे म्हणजे ‘ड्रॉप इन’. आगगाडी स्थानकात येऊन थांबणे म्हणजे ‘पुल इन’, आणि प्रवासी मुक्कामी पोहोचणे म्हणजे ‘गेट इन’.

मात्र प्रसंगाचे भान हवे. ‘साहेब टपकले’ असे अहवालात कोणी लिहीत नाही. त्याचप्रमाणे इंग्रजी अर्जात ‘टर्न अप’ नव्हे, ‘अराइव्ह’च शोभते. या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘तीराशी’ या अर्थाच्या पदांत आहे. नाव तीराला लागते, तसे हे पोहोचणे. त्यापुढे शहराचे नाव असता ‘इन’ व शाळा किंवा स्थानक असता ‘ॲट’ येते. ‘टू’ येत नाही.

वर्गात प्रथम मराठी वाक्ये फळ्यावर लिहावीत. कोण आले, अपेक्षित होते की अवचित आले, थोडा वेळ की मुक्कामाला, हे मुलांकडून वदवून घ्यावे आणि मगच इंग्रजी शब्द द्यावा. अर्थ आधी हाती आला, म्हणजे शब्दाचे भय उरत नाही.