हत्ता आणि नंदभाषा



बैलबाजारात गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. दोन माणसं समोरासमोर उभी, हातात हात, आणि हातांवर टॉवेल नाहीतर उपरण्याचा पदर. तोंडानं गोष्टी चाललेल्या असतात त्या बैलाच्या दातांच्या, खांद्याच्या, चालीच्या. भाव मात्र पदराखाली चालतो. एकानं बोटं दाबायची, दुसऱ्यानं त्यातलं एखादं सोडायचं, मान हलवायची, पुन्हा धरायची. एक बोट म्हणजे शंभर की हजार, हे दोघांनी जनावर बघूनच ओळखलेलं असतं. सौदा पटतो, विसार हातावर पडतो, आणि भोवती उभ्या असलेल्या पाचपन्नास माणसांना आकडा कळलेला नसतो. या रीतीला म्हणतात हत्ता.

भाव करणं यात मला कधीच कमीपणा वाटला नाही. भाजीवाली मावशी मेथीची जुडी वीसला सांगते, आपण पंधरा म्हणतो, ती म्हणते, “दोन घ्या पस्तीसला, ताई, बोहनीची वेळ आहे.” ही घासाघीस. तिच्यात दोघींना आकडा ऐकू येतो, आणि मागं उभ्या असलेल्या तिसरीलाही. तिसरीला आयता भाव कळतो, म्हणून मावशीलाही फार ताणता येत नाही. घासाघिशीतला न्याय आहे तो एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

हत्त्यात तो जातो. जनावरांच्या बाजारात निदान पदराखाली धन्याचा स्वतःचा हात असू शकतो. पहिलं गिऱ्हाईक कितीवर अडलं हे दुसऱ्याला कळू नये, यात त्याचीही सोय असते. पण हीच रीत धान्याच्या आणि कापसाच्या पेठेत आली तेव्हा पदराखालचे दोन हात होते आडत्याचे आणि खरेदीदाराचे. ज्यानं माल पिकवला तो गाडीपाशी बैलांना वैरण टाकत उभा. आडत्याची त्या खरेदीदाराशी रोजची ऊठबस. शेतकरी येणार सुगीला. त्यात बी-बियाण्याला, लग्नकार्याला उचल घेतलेली असायची ती बहुधा त्याच आडत्याकडून. मग पट्टी हातात पडली की त्यावर जो भाव लिहिलेला असेल तो आपला, असं म्हणण्यावाचून त्याच्यापाशी काय उरत होतं?

आणि जिथं बोटं चालत नसत तिथं शब्द होते. आपल्या दलालांची आणि व्यापाऱ्यांची एक सांकेतिक बोली होती, तिचं नाव नंदभाषा. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, अंगुळू दहा. काठी म्हणजे वीस, बिटी शंभर, ढकार हजार. गिऱ्हाइकादेखत मालकानं गुमास्त्याला नुसतं “मुळू” म्हणावं, गुमास्त्यानं समजावं की पाचाच्या खाली उतरायचं नाही. माल समोर, माणूस समोर, बोलणंही मराठीच वाटावं असं. फक्त आकडा तेवढा परका.

ही भाषा फार जुनी आहे. तिचा एक ठसा अशा ठिकाणी सापडतो की मला त्याचं सतत अप्रूप वाटत आलं आहे. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर, त्यांना विसोबा चाटीही म्हणत. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. त्यांच्या नावावर नंदभाषेतला एक अभंग आहे. त्यात त्यांनी शंकराचं रूप सांगितलं आहे ते याच आकड्यांत: तोंडं मुळू, डोळे उधानू, हात अंगुळू. पाच मुखं, तीन नेत्र, दहा हात. हजार तोंडांचा शेष त्याचं वर्णन करायला आला, तर तो ढकार. आणि शेवटी शरण जायचं ते अवारू जोडून, म्हणजे दोन्ही हात. ज्या शब्दांनी गिऱ्हाइकापासून भाव लपवायचा, ते शब्द विसोबांनी देवापुढं उघडे करून ठेवले. पेठेत आयुष्य गेलेल्या माणसाजवळ रोजच्या वापरातलं जे होतं, तेच त्यानं वाहिलं. संतांच्या व्यवसायांतून आलेल्या रूपकांबद्दल आपण पुष्कळ बोलतो, सावत्याचा मळा, गोरोबांचं चाक. या अभंगाकडे मात्र आपलं तितकं लक्ष गेलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

पेठेला शिस्त लागली ती सावकाश. कापसाच्या वऱ्हाडात १८९७ साली बाजारांचा कायदा झाला. १९२८ च्या शाही कृषी आयोगानं नियंत्रित बाजारांची शिफारस केली, मुंबई प्रांतात १९३९ चा कायदा आला, आणि मग महाराष्ट्राचा १९६३ चा. बाजार समितीच्या आवारात उघड लिलाव व्हावा, बोली मोठ्यानं पुकारावी, माल ज्याचा त्याला ती ऐकू यावी, हा या सगळ्याचा गाभा. कोल्हापुरात गुळाचे सौदे निघतात तेव्हा ढेपांभोवती जमलेल्या घोळक्यात गुऱ्हाळवालाही उभा असतो. एकेक बोली त्याच्या कानावर पडते, आणि शेजारच्याच्या गुळाला काय मिळालं तेही.

गुरांच्या बाजारात पदर अजून पडतोच. खोंड विकायला नेणाऱ्या माझ्या शेतकरी बंधूंना एवढंच सांगेन: दलाल खुशाल बरोबर घ्या, त्याला त्याची दलाली द्या, पण पदराखाली हात घालायचा तो तुमचा तुम्ही घाला.