चौक कुणाचा?

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचा चौक ओलांडताना पोटात गोळा येतो ना? मलाही येतो. पदर खोचून, पोराचा हात धरून आपण पळतो, आणि वर ड्रायव्हरच ओरडतो, "बघून चालता येत नाही का?"

नेदरलँड्स देशात १९७१ या एका वर्षात ४०० हून जास्त मुलं रस्त्यावर दगावली. मग आईबापच रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच ‘मुलांचे खून थांबवा’! आज तिथली मुलं सायकलनं शाळेत जातात.

त्यांनी चौकच बदलले. कोपरा ऐसपैस असला की गाडी वेगातच वळते. तिथे कोपऱ्यावर उंच ओटा बांधतात. सायकल त्याच्या आतल्या बाजूनं जाते. गाडीला हळू व्हावंच लागतं आणि वळताना सायकलवाली ड्रायव्हरला समोर दिसते. नाहीतर ट्रकच्या डाव्या अंगाला उभी पोर त्याला दिसतच नाही. रुंद रस्त्याच्या मधोमध थांबायला जागा ठेवतात. म्हणजे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघायच्या. कडेवर लेकरू आणि हातात पिशवी असली की याचं मोल कळतं.

आपल्याकडे लगेच पादचारी पूल सुचवतात. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनी तो कसा चढायचा? सायकल कशी न्यायची?

पुढच्या बैठकीत नगरपालिकेला अर्ज लिहूया. शाळा सुटताना कोणत्या कोपऱ्यावर गाड्या वेगात वळतात, ते दोघीजणी आठवडाभर उभ्या राहून वहीत टिपून आणा.