तारीख नसलेला पोशाख

युरोप-अमेरिकेत जुन्या पोशाखांचा बाजार मोठा आहे, आणि तिथं पहिला प्रश्न विचारला जातो तो सालाचा. नुसत्या घाटावरून साल सांगता येत नाही, कारण जुना घाट वीस-तीस वर्षांनी पुन्हा मिरवायला लागतो. म्हणून जाणकार माणूस ड्रेस हातात आला की आधी उलटा करतो. डाव्या कुशीला धातूची चेन असेल, तर ड्रेस बहुधा १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९५०च्या दशकापर्यंतचा. नायलॉनची चेन रुळली ती १९६०च्या दशकात. ब्रिटिश ड्रेसवर ‘सीसी ४१’ हा शिक्का दिसला, तर तो १९४१ ते १९५२ या टंचाईच्या काळातला सरकारी नियमांत बसवलेला माल. अमेरिकन ड्रेसमध्ये धुण्याच्या सूचनांची पट्टी शिवलेली असली, तर तो बहुतेक १९७२ नंतरचा. तसा नियमच त्या वर्षी लागू झाला. घाट खोटं बोलू शकतो, शिवण सहसा बोलत नाही.

आता असा एक पोशाख घेऊ, की ज्याच्यापुढे ही सगळी विद्या थिटी पडते. त्याचं नाव डेल्फॉस.

मारिआनो फोर्तुनी हा मूळचा स्पॅनिश माणूस, १८७१ साली ग्रानादात जन्मलेला आणि पुढे व्हेनिसमध्ये स्थायिक झालेला. चित्रकार, छायाचित्रकार, रंगमंचाच्या प्रकाशयोजनेतला संशोधक. ग्रीसमध्ये डेल्फी इथं १८९६ साली रथाच्या सारथ्याचा एक प्राचीन ब्राँझचा पुतळा सापडला होता. त्याच्या अंगरख्याच्या खांद्यापासून पायापर्यंत उतरणाऱ्या सरळ चुण्या फोर्तुनीच्या मनात बसल्या. १९०७च्या सुमारास त्यानं तलम रेशमाचा, बारीक चुण्यांचा, खांद्यावरून थेट जमिनीपर्यंत उतरणारा झगा तयार केला. आत कॉर्सेट नाही, चेन नाही, हूक नाही. गळ्याला ओढायची दोरी, आणि कडांना रेशमी दोरीत ओवलेले मुरानोचे काचेचे मणी. हे मणी शोभेचे खरेच, पण त्यांच्या वजनानं हलकं रेशीम अंगावर नीट बसतं. सुरुवातीला बायका तो घरातल्या घरात, फार तर चहाला आलेल्या मैत्रिणींसमोर घालत. चारचौघांत तो यायला १९२०चं दशक उजाडावं लागलं.

‘त्यानं तयार केला’ असं मी म्हणालो खरं, पण इथं थांबायला हवं. १९०९ साली पॅरिसमध्ये याचं पेटंट फोर्तुनीच्या नावावर झालं. त्याच कागदावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय, की याची खरी संशोधक हेन्रिएत आहे, घाईमुळे अर्ज आपल्या नावानं केला. हेन्रिएत निग्रँ ही त्याची सहचारिणी, पुढे पत्नी. तरीही लिलावांच्या याद्यांमध्ये अजून बहुधा एकट्या फोर्तुनीचंच नाव छापलं जातं. मला विचाराल तर ही चूक आता सुधारायला हवी.

१९४९ साली फोर्तुनी गेला आणि हेन्रिएतनं डेल्फॉसचं काम बंद केलं. म्हणजे साधारण चाळीस वर्षं हा झगा बनत राहिला, आणि त्या चाळीस वर्षांत त्याचं मूळ रूप फारसं बदललं नाही. दोन महायुद्धं झाली, स्कर्ट गुडघ्यापर्यंत चढले आणि परत उतरले. डेल्फॉस होता तसाच. बघायला चेन नाही. लेबलही बऱ्याचदा नाही. मग साल ठरवायचं कशावरून?

त्याआधी तो खरा आहे का, हे बघावं लागतं. १९७०च्या दशकात मेरी मॅकफॅडन यांनी आणि नंतर जपानच्या इस्से मियाके यांनी चुण्यांचे सुंदर कपडे केले, पण ते पॉलिएस्टरचे. त्यांच्या चुण्या उष्णतेनं कायमच्या बसवलेल्या असतात. डेल्फॉसच्या चुण्या पाणी लागलं की सुटतात. पूर्वी गिऱ्हाइकं तो पुन्हा चुण्या घालून घेण्यासाठी व्हेनिसला परत पाठवत. म्हणजे पाण्याचा एक थेंब टाकला की निकाल लागेल, आणि तो निकाल खरेपणाचा लागला तर मालाचं नुकसानही त्याच थेंबानं झालेलं असेल! तेव्हा बघायचं ते रेशमाचा स्पर्श, चुण्यांमधला हाताचा अनियमितपणा, आणि मण्यांची काच.

सालाचा पुरावा मात्र झग्याबाहेरच शोधावा लागतो. आजीचा तो घातलेला फोटो, दुकानाची पावती, एखाद्या पत्रातला उल्लेख. डेल्फॉस टांगून ठेवत नसत. पीळ घालून लोकरीच्या लडीसारखा गुंडाळत आणि छोट्या गोल डब्यात ठेवत. तो डबा टिकला असेल, तर त्याच्यावरचा पत्ताही कामाला येतो. आपल्याकडे जुन्या शालूची जर मोडीत देताना असला कागद कुणी जपला नाही. सोनार वजन विचारायचा, साल नाही.

विकणाऱ्याला मोह होतो तो नेमकं साल लिहून टाकण्याचा, कारण ‘१९१०’ हा आकडा ‘१९१० ते १९४०’पेक्षा भारी दिसतो. पण डेल्फॉस घेणारा गिऱ्हाईक म्हणजे संग्रहालय किंवा मुरलेला संग्राहक, आणि पुराव्याशिवाय छापलेलं साल बघितलं की तो बाकीच्या वर्णनावरही विश्वास ठेवत नाही. चांगले डेल्फॉस लिलावात हजारो डॉलरांना जातात. तेव्हा कालखंड रुंद लिहावा, फोटोची प्रत जोडावी, काखेतले घामाचे डाग आणि कापलेली किनार लपवू नये. धुवू नये, इस्त्री तर नाहीच. मणी गळले असतील तर बाजारातले नवे ओवू नयेत. जे जुने हाती असतील ते पुडीत बांधून झग्यासोबत द्यावेत आणि किती कमी आहेत ते यादीत लिहावं.